एक्स्प्लेनर : सातबाऱ्याच्या मागचे पूर्वज कसे शोधायचे? धुळ्यात अखेरचा श्वास घेतलेल्या इतिहासाचार्य राजवाडेंनी दाखवलेली वाट

खानदेशातील अनेक घरांत एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आपले मूळ पुरुष अमुक गावाहून आले, जंगल तोडून त्यांनी शेत केले आणि गाव वसवले. कोणी गुजरातकडून आल्याचे सांगतात, कोणी माळव्यातून, तर कोणी घाटावरून. पण ते नेमके कधी आले? त्यांचे नाव काय होते? पहिली जमीन कोणती? इथे बहुतेक घरांतील गोष्ट थांबते.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि हा प्रश्न घराघरांत पोहोचला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने तहसील, भूमी अभिलेख आणि शाळांतील जुनी दप्तरे उघडली गेली. पणजोबांचे नाव सापडले, पण कागद मोडी लिपीत असल्याने वाचता येत नाही, असा अनुभव अनेकांना आला.

हे कागद वाचायचे कसे, त्यावर विश्वास किती ठेवायचा आणि ते जपायचे का, या तिन्ही प्रश्नांवर एका माणसाने उभे आयुष्य घालवले. ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांची अखेरची वर्षे धुळ्यात गेली आणि त्यांचे निधनही तिथेच झाले. राजवाडे नेमके कोण होते आणि त्यांच्या पद्धतीचा आजच्या शोधात काय उपयोग होतो, ते समजून घेऊया.

कोण होते राजवाडे?

राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. पुढचे शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजमधून ते पदवीधर झाले आणि काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकाची नोकरी केली. निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांचे थोरले बंधू.

पत्नीचे अकाली निधन झाल्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. नोकरीही फार काळ केली नाही. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक सुरू केले. जगातील महत्त्वाचे ग्रंथ मराठीत यावेत, हा त्यामागचा हेतू होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक काही वर्षांत बंद पडले. मात्र, लिहायचे ते मराठीतच, हा निश्चय त्यांनी शेवटपर्यंत पाळला. इंग्रजीत लिहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही लवकर मिळाले असते, हे त्यांना ठाऊक होते.

आयुष्याला वळण कुठे मिळाले?

वाईला. तिथे त्यांच्या हाती जुन्या पत्रांचा मोठा साठा लागला. त्यात पानिपतच्या मोहिमेशी संबंधित मराठी पत्रे होती. ती वाचून, लावून, प्रस्तावनेसह त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे एकूण २२ खंड निघाले. त्यातील काही खंड शिवकालीन घराण्यांच्या कागदांचे आहेत.

तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने ग्रँट डफचा ग्रंथ आणि बखरी. बखर बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली असते. पत्र त्या दिवशीचे असते, हिशेब त्या वर्षीचा असतो. त्यामुळे बखर आणि अस्सल कागद यांचा मेळ बसत नसेल तर कागदाकडे जायचे, ही शिस्त राजवाडे यांनी घालून दिली. घरातल्या गोष्टी आणि सातबारा यांच्यातला फरकही हाच आहे.

ते घरोघरी का फिरले?

कारण सरकारी दप्तराचे दार जवळपास बंद होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे हजारो रुमाल होते. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेले कापडी गाठोडे. पण तिथे स्वतंत्र अभ्यासकांना सहजी प्रवेश नव्हता. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाडे यांच्या निधनानंतर.

मग उरली खासगी घरे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, इनामदार, सावकार, मठ आणि देवस्थाने. कमीत कमी सामान घेऊन, स्वतःच्या हाताने रांधून खात राजवाडे गावोगाव फिरले.

कागद मिळवणे सोपे नव्हते. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने जुन्या सनदा तपासून अनेकांची इनामे काढून घेतली होती. त्यामुळे कागद दाखवला तर जमीन जाईल, अशी भीती लोकांच्या मनात बसली होती. दुसरीकडे माळ्यावरचे दप्तर वाळवी खात होती किंवा रद्दीत जात होते. एका घरात कागद देवासारखा पुजला जाई, पण दाखवला जात नसे. शेजारच्या घरात त्याच काळाचा कागद वाण्याच्या पुड्या बांधायला जाई. राजवाडे यांचा संताप आणि धावपळ दोन्ही यातूनच आले.

एकट्याने हे काम पुरे होणार नाही, हे ओळखून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. साध्या भाषेत सांगायचे तर, विखुरलेल्या माहितीचा हा पहिला मोठा बॅकअप होता.

खानदेशशी संबंध काय?

पुण्यातील सहकाऱ्यांशी त्यांचे पुढे फारसे पटले नाही. स्वभाव तापट, मते टोकाची आणि तडजोड ठाऊक नाही. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते धुळ्याला आले. धुळे तेव्हा पश्चिम खानदेशचे मुख्य ठिकाण होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचे मोठे काम तिथे उभे केले होते. म्हणजे जुन्या पोथ्या आणि कागदांची कदर असलेली माणसे या गावात आधीपासून होती.

शेवटच्या वर्षांत राजवाडे यांचा ओढा भाषेकडे वाढला. मराठी धातू, शब्दांची व्युत्पत्ती, गावांची आणि माणसांची नावे यांचा ते अभ्यास करत होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये भास्कर वामन भट आणि सहकाऱ्यांनी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. राजवाडे यांचे अपुरे राहिलेले धातुकोश आणि व्युत्पत्तिकोशाचे काम मंडळाने प्रकाशात आणले. ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालवले. मोडी कागद, हस्तलिखिते, नाणी आणि शिल्पे यांचा संग्रह मंडळाकडे आहे.

पहिले वसाहतकार : राजवाडेंचा आवडता प्रश्न

कोणती माणसे कुठून आली आणि त्यांनी हा मुलूख कसा वसवला, या प्रश्नाने राजवाडे यांना कायम पछाडले होते. ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ हा त्यांचा गाजलेला निबंध याच विषयावर आहे. १९२४ मध्ये त्यांनी संपादित करून प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ उत्तर कोकणात कोणती कुळे येऊन राहिली, याची हकीकत सांगते. गावांची नावे, आडनावे आणि कुळे यांवरून वस्तीचा माग काढता येतो, असे त्यांचे म्हणणे होते.

खानदेशला हा प्रश्न चपखल लागू पडतो. फारुकी राजवटीत थाळनेर आणि पुढे बुऱ्हाणपूर येथून हा प्रदेश नांदता होता. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. पुढे मराठ्यांचा अंमल आला. १८०२ नंतर होळकर-शिंदे यांच्या लढायांत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात अनेक गावे ओस पडली. शेतांत झाडोरा माजला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्यासमोर असा उजाड मुलूख होता. त्यांनी धुळे हे मुख्य ठिकाण केले.

ओस गावे पुन्हा वसवण्यासाठी जुनीच पद्धत वापरली गेली : कौल. पडीक जमीन करणाऱ्याला सुरुवातीला सारा माफ किंवा अगदी कमी, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. म्हणजे ज्याने जंगल तोडून पहिला नांगर घातला, त्याचे नाव सरकारी कागदात येण्याची पहिली जागा बहुधा साऱ्याचीच असे. घरातली आख्यायिका कागदावर पकडायची असेल तर ती इथे सापडू शकते.

जमिनीच्या मोजणीला खानदेशात विरोधही झाला. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल आणि एरंडोल भागातील शेतकऱ्यांनी सर्व्हेविरुद्ध मोठा उठाव केला आणि तो मोडायला फौज पाठवावी लागली. सारा वाढेल ही भीती त्यामागे होती. गंमत अशी की, ज्या मोजणीला पणजोबांच्या पणजोबांनी विरोध केला, तिच्याच कागदांत आज त्यांचे नाव शोधले जाते.

मग आज शोध कसा घ्यायचा?

राजवाडे यांची रीत होती : माहीत असलेल्या कागदापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचे. आजच्या कागदांवर ती अशी लागू होते.

* सातबारा आणि फेरफार : आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. वारसाची नोंद सापडली की मयताचे नाव, वारसांची नावे आणि नाते एकाच ठिकाणी मिळते. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला. त्यामुळे या वाटेने साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जाता येते.
* गट नंबरचा सर्व्हे नंबर करा : एकत्रीकरण योजनेत अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कळल्याशिवाय जुना कागद लागत नाही. इथेच बहुतेकांचा शोध अडतो.
* खासरा पत्रक, कडई पत्रक, पाहणी पत्रक : जमीन कोणाकडे होती, कोण कसत होते आणि पीक काय होते, हे यांतून कळते.
* गाव नमुना १४ : जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. गावात याला कोतवाल बुक म्हणतात.
* त्याआधीचे कागद : महजर, वतनपत्रे, इनामपत्रे, कौलनामे. हे घरात, संशोधन संस्थांत किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरात सापडू शकतात.
* कागदाबाहेरचे कागद : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी आणि काही समाजांत भाटांच्या वह्या.

जळगावकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठिकाण धुळे होते. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणजे रावेर किंवा चोपड्याच्या घराण्याचा जुना उल्लेख धुळ्याच्या कागदात निघू शकतो. शोध जिल्ह्याच्या आजच्या नकाशावर नव्हे, तर त्या काळच्या परगण्यावर घ्यावा लागतो.

कागद हाती आला, आता वर्ष कसे काढायचे?

राजवाडे यांच्या कामाचा सर्वांत किचकट भाग हाच होता. जुन्या पत्रांवर अनेकदा मुसलमानी महिना आणि चंद्राची तारीख असते, पण वर्षच नसते. मग पत्रातील माणसे, मुक्काम आणि प्रसंग यांची इतर पत्रांशी ताडणी करून वर्ष ठरवावे लागते.

जिथे वर्ष असते तिथेही हिशेब करावा लागतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. साऱ्याच्या कागदांवरील फसली सनात साधारण ५९० आणि शुहूर सनात साधारण ५९९ मिळवावे लागतात. फसली आणि शुहूर वर्षे मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तेव्हा शुहूर सन ११६१ चालू होता. ११६१ मध्ये ५९९ मिळवले की १७६० येते, कारण ते वर्ष १७६० च्या मृगात सुरू झाले होते.

नावांचेही तसेच. जुन्या कागदात आडनाव क्वचितच असते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे एकाच नावाची दोन-तीन माणसे एका शेतावर दिसतात. गाव खुर्द की बुद्रुक, हे पाहिले नाही तर दुसऱ्याचेच पूर्वज आपले म्हणून मिरवण्याची वेळ येते.

राजवाडे प्रत्येक वेळी बरोबर होते का?

नाही. आणि हा भाग वगळून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

कागद मिळवण्यात आणि वाचण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. पण त्यावरून निष्कर्ष काढताना ते अनेकदा फार लांब उडी घेत. शब्दाच्या आवाजावरून त्यांनी बांधलेल्या काही व्युत्पत्ती पुढच्या भाषा अभ्यासकांनी मान्य केल्या नाहीत. १९०९ मध्ये त्यांनी पाटांगण येथील पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती फार प्राचीन असल्याचे मत मांडले. त्यावर बराच वाद झाला. तपासणीसाठी ती मूळ पोथी मात्र पुढच्या अभ्यासकांना मिळाली नाही. अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडावे, ही चुटपुट आजही आहे.

जातींविषयीच्या लिखाणात त्यांचे पूर्वग्रह उघड दिसतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी केलेल्या मांडणीला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून सडेतोड उत्तर दिले. वंशावळ आणि जुना कागद ही केवळ हौशीची गोष्ट नाही. त्यावर कोणाचा मान, कोणाचा हक्क अवलंबून असतो. म्हणूनच एका कागदावरून फार मोठे विधान करणे धोक्याचे, हा धडा राजवाडे यांच्या कामातून मिळतो आणि त्यांच्या चुकांतूनही.

ज्यांचा कागदच नाही, त्यांचे काय?

सारा भरणारा कागदात येतो. वतन असलेला त्याहून जास्त येतो. पण सालदार, गावकुसाबाहेरची माणसे, स्त्रिया आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा कुटुंबे या दप्तरांत फार कमी दिसतात. इंग्रजी कागदात भिल्लांचे नाव येते ते बहुधा बंड, तुरुंग किंवा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी उभारलेल्या भिल्ल पलटणीच्या संदर्भात. ओस म्हणून कौलाने दिलेल्या काही जमिनींवर त्याआधी कोणाचा तरी वावर असेल, पण त्याने सारा भरला नव्हता. म्हणून तो कागदावर नव्हता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो आणि इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. विशेष म्हणजे, या कायद्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला जातो. कागद नाही म्हणजे पूर्वज नव्हते असे नाही, ही गोष्ट कायद्यानेच मान्य केली आहे. राजवाडे यांची कागदाची शिस्त जिथे संपते, तिथून ही दुसरी वाट सुरू होते.

आपण काय करू शकतो?

* घरातील जुने कागद आधी मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा. दोन ठिकाणी साठवा.
* कागद चिकटपट्टीने जोडू नका, लॅमिनेट करू नका. कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा.
* तालुक्याचे जुने सातबारे, फेरफार ऑनलाइन उपलब्ध आहेत का, ते भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर तपासा. नसतील तर तहसील आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा.
* मोडीचे भाषांतर घेताना जाणकाराकडून ओळीखाली ओळ असे देवनागरी लिप्यंतरही मागा. फक्त सारांश पुरत नाही.
* घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडून नावे, गावे आणि नाती आजच लिहून घ्या. दप्तर उद्याही उघडता येईल, माणूस उद्या भेटेलच असे नाही.

मराठी सरकारी आणि शालेय व्यवहारातून मोडी हद्दपार होऊन सत्तर वर्षे होत आली. ती सहज वाचणारी पिढी जवळपास संपली आहे. कागद असूनही वाचता न येणे, हे कागद हरवण्यासारखेच आहे. राजवाडे रुमाल सोडवत गावोगाव फिरले त्या काळात कागद नष्ट होत होते, पण वाचणारे होते. आज स्कॅन केलेल्या प्रती वाढत आहेत आणि वाचणारे कमी होत आहेत. धुळे-जळगावच्या एखाद्या तरुणाने मोडी शिकून आपल्याच गावची एक फेरफार वही वाचून काढली, तर शंभर घरांना त्यांचे पणजोबा सापडतील.